प्रत आणि चाल : तुकोबांच्या गाथेच्या संपादनाची गोष्ट



आजच्या विषयाची सुरुवात ग्रंथालयात झाली नाही, लोकलच्या डब्यात झाली. मुलुंडहून घाटकोपरकडे येणाऱ्या सकाळच्या गाडीत भजन चाललेलं आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. दाराजवळच्या कोपऱ्यात सहा-सात जण, हातात टाळ, एकाच्या मांडीवर छोटी ढोलकी, आणि वरच्या बर्थला डब्यांच्या पिशव्या लटकवलेल्या. त्या दिवशी आमच्या पिशवीत सरकारी गाथा होती. तुकोबांचा जो अभंग चालू होता तो आम्ही पुस्तकात काढला आणि बोट ठेवून ऐकू लागलो. तिसऱ्या चरणात एक शब्द वेगळा आला. अर्थ फारसा बदलत नव्हता, पण शब्द वेगळा होता. भांडुप गेल्यावर भजन थांबलं तेव्हा आम्ही जरा धीर करून बुवांना पुस्तक दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं, हसले, आणि म्हणाले, “माउली, पुस्तकात तसं असेल. आमच्या फडावर असंच आहे.”

पुस्तक बंद करून त्यांनी आमच्या हातात परत दिलं आणि पुढचा अभंग सुरू झाला.

आता यात बरोबर कोण? छापलेलं पुस्तक की गाणारा माणूस? आज आपण तेवढाच प्रश्न घेणार आहोत. तो वाटतो तितका लहान नाही. गेली दीडशे वर्षं मोठमोठे विद्वान त्याच्याशी झगडत आले आहेत. शिवाय त्याचं उत्तर देताना आपल्या उपनगरांतली एक गोष्ट डोळ्यांदेखत हरवते आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी गाथा म्हणजे काय, ते पाहू. घरात लाल कापडात बांधलेला जाड ग्रंथ म्हणजे गाथा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पण तुकोबांच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, अभंग हा आधी कानांचा विषय होता. कीर्तन उभं राहतं कसं ते आठवा. पुढे कीर्तनकार, शेजारी विणेकरी, एका बाजूला पखवाज, आणि मागे अर्धवर्तुळात उभे टाळकरी. तुकोबांचे चौदा टाळकरी होते, असं परंपरा सांगते. हे टाळकरी केवळ ताल धरायला उभे नसतात. कीर्तनकाराने चरण म्हटला की ते ध्रुपद उचलतात, चाल चढवतात, कीर्तनकाराला दम घ्यायला जागा देतात, आणि श्रोत्यांना आत ओढून घेतात. म्हणजे हे समूहगायन आहे, त्याला वाद्यांची साथ आहे, आणि त्याचा हेतू उपासनेचा आहे. पाश्चात्त्य संगीतात ‘वृंदगान आणि वाद्यवृंदासाठी रचलेली धार्मिक कृती’ असा एक प्रकार मानतात. आपल्याकडे त्याचं सगळ्यात जवळचं भावंड शोधायचं तर ते वारकरी कीर्तनात सापडतं.

या सगळ्यातलं पुस्तकात किती उतरलं? गाथा उघडा. पहिल्या एक-दोन चरणांनंतर दोन दंडांमध्ये एक छोटंसं अक्षर दिसेल : ‘ध्रु.’. आपण वाचताना ते ओलांडून जातो. पण अख्ख्या पानावर गाण्याची खूण म्हणून उरलेलं अक्षर तेवढंच आहे. ते सांगतं, ‘इथे मागच्यांनी उचलायचं.’ चाल कोणती, ताल कोणता, ध्रुपद किती वेळा फिरवायचं, हे कागदावर नाही. ते माणसांत आहे. गाथेत अभंगांच्या जोडीने टिपरी, फुगडी, हुतुतू, हमामा अशा खेळांवरच्या रचनाही आहेत. ज्यांनी त्या खेळताना म्हटल्या त्यांना त्यांची लय अंगात माहीत होती. आपण त्या आज खुर्चीत बसून वाचतो.

आता इंद्रायणीची कथा. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या आज्ञेवरून तुकोबांनी आपल्या वह्या डोहात बुडवल्या, तेरा दिवस ते शिळेवर पडून राहिले, आणि वह्या कोरड्या वर आल्या. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती चमत्कार म्हणून मानणारे आहेत, आणि वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखात होते म्हणून तरले असा अर्थ लावणारेही आहेत. या वादात आपल्याला आज पडायचं नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला या कथेत वेगळंच काही दिसतं. ज्या समाजाने ही कथा जपली, त्या समाजाला एक गोष्ट नीट कळत होती : ग्रंथाला दोन जीव असतात, एक कागदातला आणि एक कंठातला. कागदातला जीव बुडवता येतो. देहूला ‘भिजकी वही’ जपली गेली, आणि गावोगावी अभंग गायले गेले. दोन्ही जीव शेजारी शेजारी चालत राहिले.

आता आपण एकदम मुंबईत येऊ, १८६०च्या दशकात.

मुंबई इलाख्याचे शिक्षण संचालक होते सर अलेक्झांडर ग्रँट. आधी एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य, आणि त्याहून आधी ऑक्सफर्डमधले अ‍ॅरिस्टॉटलचे अभ्यासक. अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाची आवृत्ती त्यांनी स्वतः तयार केली होती. म्हणजे जुन्या ग्रंथाच्या प्रती जुळवणं म्हणजे काय, हे या गृहस्थाला ठाऊक होतं. १८६७ साली त्यांनी लंडनच्या ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’मध्ये तुकारामांवर लेख लिहिला. आणि याच काळात मुंबई सरकारने तुकोबांची गाथा संपादित करून छापण्यासाठी २४,००० रुपये मंजूर केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. एका वाण्याच्या, कुणबी कवीच्या अभंगांवर परक्या सरकारने इतका पैसा का खर्चावा, असा प्रश्न तेव्हाही पडला असेल.

कारणं एकाहून अधिक आहेत. सरकारला मराठी शिकवायची होती, त्यासाठी प्रमाण ग्रंथ हवे होते. राज्य करायचं तर लोकांच्या मनात काय आहे ते कळायला हवं, आणि हे लोक काय गातात ते कळलं की मन कळतं, असा राज्यकर्त्यांचा हिशोब. मिशनऱ्यांना तुकोबांत रस होता तो वेगळ्या कारणाने. आणि आपल्याकडच्या नव्या सुशिक्षितांना, म्हणजे ज्यांनी १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन केला त्यांना, कर्मकांडाशिवायची भक्ती हवी होती. ती त्यांना तुकोबांत सापडली. म्हणजे गाथेच्या पहिल्या शास्त्रीय आवृत्तीच्या पाळण्याला चार-पाच वेगवेगळ्या हातांची दोरी होती. एक मात्र लक्षात ठेवा, त्यात टाळकऱ्याचा हात नव्हता.

संपादक दोघे, दोघेही पंडित. विष्णु परशुरामशास्त्री पंडित हे विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी, ‘इंदुप्रकाश’ पत्राशी जोडलेले, आणि बोलले तसे चालून स्वतः विधवेशी विवाह केलेले. त्यांच्यावर देखरेख शंकर पांडुरंग पंडितांची. हे संस्कृतचे मोठे विद्वान. कालिदासाच्या ग्रंथांच्या त्यांनी काढलेल्या आवृत्त्या प्रसिद्ध आहेत. पहिला भाग १८६९ साली, दुसरा १८७३ साली, दोन्ही मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात छापले गेले. सोबत जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी इंग्रजीत लिहिलेलं तुकोबांचं चरित्र.

काम कसं केलं? देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या हस्तलिखित वह्या मिळवल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून अभंगागणिक ताडून पाहिल्या. शब्द वेगळा आला तर त्याची नोंद केली. आज आपल्याला हे साधं वाटतं. पण तोवर मराठी संतांचे ग्रंथ छापताना जी पोथी हाताशी असेल ती उचलून छापत. ‘माझ्याकडे चार प्रती आहेत, त्या चार वेगळं बोलतात, आणि त्यांतून मी हे निवडलं’ असं वाचकाला मोकळेपणाने सांगणं, ही मराठी संतवाङ्मयाच्या छपाईत नवी नीती होती. संपादक इथे न्यायाधीश होतो, पण साक्षी लपवत नाही.

याच सुमारास युरोपात काय चाललं होतं, ते जरा पाहून येऊ. ही तुलना आम्ही शोभेसाठी करत नाही. तिच्यामुळे आपला प्रश्न स्वच्छ दिसतो.

योहान सेबास्टियन बाख यांचा ‘बी मायनर मास’. मास म्हणजे आपल्याकडचे ख्रिस्ती लोक ज्याला मिस्सा म्हणतात ती उपासना. अंधेरीच्या, बोरिवलीच्या गावठाणांत ईस्ट इंडियन कुटुंबांना हा शब्द सांगावा लागत नाही. तर त्या मिस्साचे ठरलेले लॅटिन शब्द घेऊन बाखने वृंदगायक आणि वाद्यवृंदासाठी ही प्रचंड रचना केली. पहिले दोन भाग १७३३ साली, बाकीची जुळवाजुळव आयुष्याच्या अगदी शेवटी, १७४८-४९च्या सुमारास, पुष्कळदा आपल्याच जुन्या रचना नव्याने बेतून. १७५० साली बाख वारला. अख्खी कृती त्याने आपल्या हयातीत सलग ऐकली, याचा पुरावा नाही.

हस्तलिखित गेलं मुलाकडे, कार्ल फिलिप इमॅन्युएलकडे. तोही मोठा संगीतकार. त्याने १७८६ साली हॅम्बुर्गमध्ये या कृतीतला एक भाग सादर केला, आणि सादर करताना वडिलांच्या वहीतच दुरुस्त्या केल्या. पुढे झुरिकचे प्रकाशक नेगेली यांनी ते हस्तलिखित विकत घेतलं. १८५६ साली जर्मनीतल्या बाख-मंडळाला शास्त्रीय आवृत्ती काढायची होती, तर नेगेलींच्या वारसाने मूळ वही दाखवायला नकार दिला! दुसऱ्या नकलांवरून काम भागवावं लागलं. वर्षभरात मूळ वही हाती आली आणि आवृत्ती पुन्हा दुरुस्त करावी लागली. पुढे १९५४ साली फ्रीडरिख स्मेंड यांनी नवी आवृत्ती काढली आणि म्हणाले, मुळात ही एक कृती नाहीच, चार स्वतंत्र रचना एका बासनात बांधल्या आहेत! त्यावर वादळ उठलं. शेवटी एकविसाव्या शतकात बर्लिनमध्ये त्या वहीवर क्ष-किरण टाकले, शाईतल्या धातूंचं प्रमाण मोजलं, आणि कुठली खूण बापाची, कुठली मुलाची हे वेगळं काढायचा प्रयत्न झाला. उवे वोल्फ यांची २०१० सालची आवृत्ती या तपासणीवर उभी आहे.

बघा, सगळे प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत. मूळ वही कुणाच्या घरी? घरचे दाखवतात का? कवीच्या हाताचं किती, घरच्यांच्या हाताचं किती? हा एक ग्रंथ आहे की संग्रह? आणि एवढं करूनही वही जे सांगत नाही ते कसं कळणार? उदाहरणार्थ, गाणारे किती होते? १९८१ साली जोशुआ रिफकिन यांनी मांडलं की बाखच्या वृंदात एका स्वरभागाला एकच गायक असे. म्हणजे शंभर जणांचा जो भव्य समूह आपण त्या संगीताशी जोडतो, तो नंतरच्या काळाचा. हा वाद अजून संपलेला नाही. स्वरलिपीचा प्रत्येक ठिपका जिथे लिहिलेला आहे, तिथे ही स्थिती. मग आपल्याकडे, जिथे सगळ्या चालीची खूण म्हणून ‘ध्रु.’ एवढंच अक्षर आहे, तिथे काय म्हणावं?

परत गाथेकडे. इंदुप्रकाशच्या आवृत्तीत अभंग साडेचार हजारांवर. पुढे १८८९ साली मुंबईतच तुकाराम तात्या पडवळ यांनी गाथा काढली, तिच्यात आठ हजारांहून अधिक. आणि १९१९-२०च्या सुमारास आपल्या शेजारच्या ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनी ‘तुकारामबोवांचा अस्सल गाथा’ म्हणून जे छापलं, त्यात सुमारे तेराशेच. तुकोबा तेच, आणि आकडे तीन. नवख्या माणसाला वाटेल, यांतले दोघे तरी चुकले.

आम्हाला तसं वाटत नाही. हे तिघे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते.

भाव्यांचा प्रश्न होता : तुकोबांच्या सगळ्यात जवळ जाऊन उभं राहिलेला साक्षीदार कोण? त्यांचं उत्तर, संताजी जगनाडे. चाकणचे तेली, तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक, आणि अभंग लिहून घेणारे. त्यांच्या घराण्यात जपलेल्या वह्या भाव्यांनी आधाराला घेतल्या. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारा, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली उभं करण्यात पुढाकार घेणारा हा माणूस. त्याला गोळाबेरीज नको होती, मूळ साक्ष हवी होती. संताजी जे ऐकू शकले, लिहू शकले आणि ज्या वह्या टिकल्या, तेवढंच त्यात असणार. म्हणून आकडा लहान.

पंडितद्वयांचा प्रश्न वेगळा : जुन्या आणि प्रतिष्ठित परंपरांनी तुकोबांचं म्हणून काय जपलं? देहूचं घराणं, कडूसची शिष्यपरंपरा, पंढरपूरचा संप्रदाय. अनेक साक्षीदार बोलावले की आकडा वाढतो.

आणि पडवळांचा प्रश्न आणखी रुंद : ‘तुका म्हणे’ या मुद्रेखाली लोक काय काय म्हणतात? हे पडवळ म्हणजे ‘जातिभेदविवेकसार’ लिहिणारे सुधारक. त्यांनी जाळं मोठं टाकलं. त्यात तुकोबांच्या नावाने इतरांनी रचलेलंही येणारच. पण इतरांनी रचून तुकोबांचं नाव दिलं, हीसुद्धा इतिहासाचीच नोंद आहे. आपल्या अभंगाला आपलं नाव न देता तुकोबांचं द्यावं असं अनामिक माणसाला का वाटलं असेल? प्रसिद्धी हवी असती तर त्याने स्वतःचं नाव दिलं असतं.

इथे थोडं थांबून एका गोष्टीची कबुली दिली पाहिजे. ‘प्रक्षिप्त’ हा शब्द आम्ही अभ्यासक फार सहज वापरतो. एखादा अभंग प्रक्षिप्त ठरला की त्याला आम्ही तळटीपेत पाठवतो आणि विसरतो. पण जो अभंग आजीने दळताना म्हटला, ज्याच्यावर एखाद्या गावाचा काकडा उभा आहे, तो त्या घराच्या दृष्टीने कधीच प्रक्षिप्त नसतो. संपादकाने निवाडा करायलाच हवा. त्यातून सुटका नाही. तुकोबांच्या तोंडी जे नव्हतं ते घालून उद्या कुणी आपला हेतू साधू लागला, तर त्याला अडवायला प्रतीचाच आधार लागतो. आणि असे प्रयत्न होत आले आहेत, होत राहतील. म्हणून चिकित्सा ही भक्तीची वैरीण नाही, राखणदार आहे. फक्त राखणदाराने घरच्याच माणसाला दारात अडवू नये.

१९५० साली मुंबई सरकारने पु. मं. लाड यांच्या पुढाकाराने इंदुप्रकाशची गाथा पुन्हा छापली. हीच आपली ‘सरकारी गाथा’, ४,६०७ अभंगांची. स्वस्त, सुबक, घरोघर गेलेली. आमच्या पिशवीत होती ती हीच. चांगल्या आवृत्तीचा एक परिणाम असा होतो की ती इतकी पसरते की लोक तिला ‘एक आवृत्ती’ म्हणायचं विसरतात आणि ‘मूळ’ म्हणू लागतात. १८६९ साली दोन पंडितांनी चार ठिकाणच्या वह्यांतून जे निवडलं, ते १९५० नंतर क्रमांकासकट पक्कं झालं. आज भाषणात ‘अभंग क्रमांक अमुक’ म्हणतात तेव्हा तो क्रमांक तुकोबांनी दिलेला नाही, हे कुणाच्या मनातही येत नाही.

आता या गोष्टीतला आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. शंकर पांडुरंग पंडितांनी पुढे अथर्ववेदाची आवृत्ती हाती घेतली, सायणभाष्यासह. ती १८९५ ते १८९८ या काळात चार खंडांत निघाली. स्वतः पंडित १८९४ सालीच गेले. या आवृत्तीत त्यांनी एक धाडसी गोष्ट केली. हस्तलिखितांच्या जोडीला त्यांनी वैदिकांना, म्हणजे ज्यांना संहिता मुखोद्गत होती अशा माणसांना, साक्षीदार म्हणून बसवलं. पोथी जसा पाठ देते तसा या माणसाचा कंठही पाठ देतो, आणि दोन्हींची नोंद संपादकाने घ्यायची! ‘अमुक पोथीत असं’ याच्या शेजारी ‘अमुक वैदिक असं म्हणतात’ ही नोंद. पाश्चात्त्य विद्वानांनी अथर्ववेद १८५६ साली छापला होता, तो युरोपातल्या ग्रंथालयांत बसून, पोथ्यांवरून. कंठाची साक्ष त्यांना मिळणं शक्यच नव्हतं. पंडितांना ती मिळाली, कारण ते ज्या समाजात राहत होते तिथे म्हणणारी माणसं जिवंत होती.

आमच्या मनात प्रश्न येतो तो असा. वेदाच्या बाबतीत कंठ ही साक्ष, मग गाथेच्या बाबतीत का नाही? १८६०च्या दशकात पंढरपुरात, देहूत, आळंदीत फड होते, चाली होत्या, पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेले अभंग होते. तरी गाथा उभी राहिली ती वह्यांच्या पायावर. याचं एक उत्तर पद्धतीचं आहे. वेदपाठाला घन, जटा अशी पक्की शिस्त आहे, तिथे अक्षर हलू नये याचीच सगळी धडपड. कीर्तनात शब्द प्रसंगाने हलतो, आणि हलावा अशीच अपेक्षा असते. त्यामुळे पाठ करणारा वैदिक हा ‘साक्षीदार’, आणि गाणारा वारकरी हा ‘बदलणारा’, असं विद्वानांना वाटलं असेल. यात तथ्य आहे. पण ते पूर्ण नाही. कारण फडावरचं गाणंही बेशिस्त नसतं. कुठल्या दिवशी कुठले अभंग, कुठल्या क्रमाने, कुठल्या चालीत, हे फडाफडाला ठरलेलं असतं आणि चुकलं तर जुनी माणसं तिथल्या तिथे टोकतात. लोकलमधले बुवा ‘मला असं वाटतं’ म्हणाले नाहीत. ‘आमच्या फडावर असंच आहे’ म्हणाले. म्हणजे त्यांच्याकडेही प्रत होती. ती फक्त कागदाची नव्हती.

आणि इथे आपण आपल्या उपनगरांत येतो.

गिरणगावात घाटावरून, कोकणातून माणसं आली ती अभंग घेऊन आली. गावच्या नावाने, आळीच्या नावाने भजनी मंडळं निघाली. गिरण्या बंद पडल्या, खोल्या विकल्या गेल्या, आणि ही कुटुंबं घाटकोपर, भांडुप, मुलुंड, बोरिवली अशी सरकत गेली. त्यांच्याबरोबर टाळ आले, पखवाज आला, आणि वह्या आल्या. जाड पुठ्ठ्याच्या, पेन्सिलीने आखलेल्या, शाईच्या पेनाने लिहिलेल्या. त्या वह्यांत अभंग कुठल्या क्रमाने म्हणायचे ते आहे, ‘चाल अमक्यासारखी’ अशी खूण आहे, ध्रुपद कुठे तोडायचं त्याची रेघ आहे. छापील गाथेत जे नाही, नेमकं ते त्या वह्यांत आहे.

आता पुनर्विकास आला. चाळ पाडायची म्हणून खोली रिकामी करायची. संक्रमण शिबिरात जागा लहान. टाळ पितळेचे म्हणून राहतात, पखवाज मोठा म्हणून कुणाला तरी देऊन टाकतात, आणि वही रद्दीत जाते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. घरात ‘गाथा आहे ना आपल्याकडे छापील’ असं कुणीतरी म्हणतं, आणि ते खोटंही नसतं. छापील प्रतीच्या मोठेपणाचा हा एक बळी आहे. नवीन मुलं भजन शिकतात, पण फोनवर. एखाद्या लोकप्रिय गायकाने ध्वनिमुद्रित केलेली चाल सुंदर असते, ती सगळीकडे तीच होते. पन्नास फडांच्या पन्नास चाली जाऊन एक उरते. संपादनाच्या भाषेत बोलायचं तर पन्नास प्रती जळाल्या आणि एक राहिली.

इंद्रायणीच्या कथेत कागद बुडाला आणि कंठाने वाचवलं. आज उलटं होतं आहे. कागद घरोघर सुरक्षित आहे, बुडतो आहे तो कंठ.

मग करायचं काय? फार मोठी योजना आम्ही मांडत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला १९१९ ते १९६६ एवढा काळ लागला. सुकथनकरांसारख्या माणसांनी त्यात आयुष्य घातलं. आपल्याला तेवढं झेपणार नाही. पण त्या कामाची पहिली पायरी आपल्यातला प्रत्येक जण चढू शकतो. ती पायरी म्हणजे साक्षीदाराची नोंद.

आपल्या इमारतीत, वाडीत, नात्यात एखादं जुनं भजनी मंडळ असेल. त्यांची वही मागू नका. ती त्यांची आहे, तिच्यात त्यांचा जीव आहे. तिचे पानापानांचे फोटो काढा, आणि पहिल्या पानावर लिहा : वही कुणाची, त्यांनी कुणाकडून उतरवली, मूळ गाव कोणतं, फड कोणता. मग वहीच्या मालकाला म्हणायला सांगा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा. स्टुडिओ नको. पंख्याचा आवाज आला तरी चालेल. ध्रुपद किती वेळा फिरतं ते मोजा. छापील गाथेपेक्षा शब्द वेगळा आला तर दुरुस्त करू नका. आम्ही पुन्हा सांगतो, दुरुस्त करू नका. वेगळा शब्द हीच तर साक्ष. आणि त्या शब्दाचं कारण विचारा. बहुतेक वेळा उत्तर येईल, “आमचे वडील असंच म्हणायचे.” तेही लिहून ठेवा. बाखच्या वहीवर क्ष-किरण टाकून जर्मन लोक हाच प्रश्न विचारत होते : हे बापाचं की मुलाचं? आपल्याकडे बाप अजून समोर बसून सांगू शकतो. तेवढी आपली स्थिती बरी आहे, पण आणखी वीस वर्षांनी ती राहणार नाही.

असं जमत गेलं तर कधीतरी गाथेची अशी एक आवृत्ती निघू शकेल, जिच्यात वर पंडितांनी निवडलेला पाठ असेल, खाली देहू-तळेगावच्या वह्यांचे पाठभेद असतील, आणि त्याखाली तिसरी ओळ असेल : अमुक फडावर असं म्हणतात, अमुक मंडळाची चाल अशी. वेदासाठी शंकर पांडुरंग पंडितांनी जे केलं, ते तुकोबांसाठी व्हायचं राहिलं आहे. तुकोबांनी स्वतः वेदाच्या अधिकारावर काय म्हटलं आहे ते आपणां सर्वांना पाठ आहे, ते इथे म्हणून दाखवायची गरज नाही.

शेवटी, सुरुवातीचा प्रश्न. बरोबर कोण, पुस्तक की बुवा? आमचं उत्तर असं : त्या दिवशी डब्यात दोन प्रती होत्या, एक आमच्या हातात आणि एक त्यांच्या गळ्यात. आमच्या प्रतीला संपादक होते, प्रस्तावना होती, सरकारचं अनुदान होतं. त्यांच्या प्रतीला तेवढीच लांब वंशावळ होती, फक्त ती कुणी विचारली नव्हती. आम्हीही विचारली नाही. घाटकोपर आलं, गर्दीचा लोंढा आला, आणि आम्ही उतरलो. फड कोणता, गाव कोणतं, गुरू कोण, एवढं विचारायला दोन मिनिटं लागली असती. ती चूक आमची. नंतर त्याच वेळची, तोच डबा धरून तीन-चारदा गेलो. टाळ होते, भजन होतं, पण ते बुवा काही दिसले नाहीत. त्यांच्या जागी बसलेल्या तरुणाने तोच अभंग म्हटला. शब्द पुस्तकातला होता.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि कुणाच्या घरी वही असेल, तर प्रश्नाआधी तिच्याबद्दल सांगा.